तासिकेच्या तत्त्वावर गाणे

यंदा जूनमध्ये शाळा सुरू झाल्या त्या आठवड्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी घरी आली. वय सत्तावीस. बी. ए. झालेली, गांधर्व महाविद्यालय मंडळाची 'विशारद पूर्ण'. गेली चार वर्षे ती आमच्या तालुक्यातील दोन शाळांत संगीत शिकवते. दोन शाळांत नऊ किलोमीटरचे अंतर. एस. टी. वेळेवर आली तर ठीक, नाही तर वडाप. तिला एका पतसंस्थेत कारकुनाची नोकरी देऊ केली होती. "सर, बाबा म्हणाले, तुम्हाला विचारून ये. तुम्ही अर्थशास्त्र शिकवलंय. शाळा सोडू का?"

मी तिला हिशेब मांडायला सांगितले, कारण प्रश्न कितीही भावनेचा असला तरी आधी आकडे समोर असावेत ही माझी तीस वर्षांच्या अध्यापनाची सवय आहे. तिने मांडलेला हिशेब असा. पैसे मिळतात ते प्रत्यक्ष घेतलेल्या तासांचे. दिवाळीची सुटी, मे महिना, परीक्षांचे दिवस, क्रीडा सप्ताह, अतिवृष्टीची सुटी, यांचे पैसे नाहीत. वार्षिक परीक्षा जवळ आली की गणिताचे सर "आज जरा तुमचा तास घेऊ का?" असे सौजन्याने विचारतात. नाही म्हणणे शक्य नसते आणि त्या तासाचे पैसेही जातात. डिसेंबरात स्नेहसंमेलनासाठी शाळा सुटल्यावर रोज दोन तास तालमी, त्या 'हौसेने' करायच्या. शाळेची पेटी कपाटात आहे, पण तिचा भाता फाटलेला आणि कपाटाची किल्ली ज्येष्ठ लिपिकाकडे. पावसाळ्यात तबल्याची पुडी उतरते. ती बदलण्यासाठी खर्चाचे शीर्ष नाही. वर्गखोली नसल्याने तास व्हरांड्यात घ्यायचा, आणि साठ मुलांनी एका सुरात षड्ज लावला की शेजारच्या वर्गातून इंग्रजीच्या बाई बाहेर येऊन उभ्या राहतात.

मात्र पाहुणे येणार असले की सगळ्या शाळेला तिची आठवण होते. शिक्षणाधिकारी येवोत, संस्थेचे अध्यक्ष येवोत, नाही तर नवे आमदार येवोत, ईशस्तवन आणि स्वागतगीत हवेच. त्या दिवशी कपाटाची किल्ली सापडते, मुख्याध्यापक स्वतः चहा पाठवतात. पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर गेली की पेटी कपाटात जाते आणि बाई बसथांब्यावर.

मी तिला काय सल्ला दिला, ते अखेरीस सांगेन. आधी या परिस्थितीची कारणे तपासली पाहिजेत. ती ना तिच्या नशिबात आहेत, ना त्या दोन मुख्याध्यापकांच्या स्वभावात.

'तत्त्व' कशाला म्हणावे

तिच्या नेमणुकीच्या कागदावर 'तासिका तत्त्वावर' असे शब्द आहेत. महाविद्यालयांतही हेच 'घड्याळी तासिका तत्त्व' मी वर्षानुवर्षे पाहिले. एम. ए., नेट, पीएच. डी. झालेली माणसे दर जुलैत नव्याने अर्ज करीत उभी राहतात. माणसाचे श्रम तुकड्यांनी विकत घ्यायचे आणि उरलेल्या माणसाची जबाबदारी नाकारायची, या व्यवहाराला आपल्या शासनव्यवहाराने 'तत्त्व' हे नाव दिले आहे. पूर्वी शेतमजुराला रोजावर बोलावीत, तेव्हा त्यास निदान कोणी तत्त्व म्हणत नसे.

ऑक्टोबर २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने उच्च प्राथमिक शाळांतील कला, क्रीडा आणि कार्यानुभव या विषयांसाठी 'अतिथी निदेशक' बोलावण्याचा निर्णय काढला. दर ठरला एका तासिकेला ५० रुपये. आठवड्याला बारा तास मिळाले असे गृहीत धरले, तर महिन्याला सुमारे पन्नास तास होतात. म्हणजे २,५०० रुपये. यातून प्रवासखर्च वजा करावा. 'अतिथी' या शब्दाची योजना ज्याने केली त्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यावी लागेल. आपल्याकडे अतिथीला देव मानतात, आणि देवाला पगार द्यावा लागत नाही.

त्या रकमेपेक्षाही त्यामागचे मोजमाप अधिक घातक आहे. तासिकेचे माप असे गृहीत धरते की शिक्षकाचे काम घंटा वाजल्यावर सुरू होते आणि घंटा वाजल्यावर संपते. संगीतशिक्षकाच्या बाबतीत हे गृहीतक पूर्णपणे खोटे आहे. कोणत्या मुलाचा आवाज फुटू लागला आहे आणि त्याला वरच्या पट्टीत गायला लावू नये, कोणत्या मुलीला सूर ऐकू येतो पण भीतीने गळा बंद होतो, कोणाचा ताल पक्का आहे पण घरी ढोलकीला हात लावला की मार बसतो, हे कळायला एका मुलाबरोबर दोन-तीन वर्षे काढावी लागतात. ज्याला पुढच्या जूनमध्ये आपण या शाळेत असू की नाही हे ठाऊक नाही, त्याने ही गुंतवणूक का करावी? अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर तासिकेची पद्धत दीर्घकालीन गुंतवणुकीला दंड करते. आणि शिक्षण म्हणजे दीर्घकालीन गुंतवणूकच असते.

तिला मिळणाऱ्या पैशाला 'मानधन' म्हणतात. हा शब्द सौजन्याने वापरला जातो असा समज करून घेऊ नये. वेतन म्हटले की वेतनश्रेणी आली, महागाई भत्ता आला, भविष्यनिर्वाह निधी आला, रजा आली. मानधन म्हटले की यांतले काहीही येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये, गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात, शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने 'कामगार' ठरत नाही असा निर्णय दिला. १९९६ मध्ये हरियाणातील शाळांच्या प्रकरणात किमान वेतन कायद्याबद्दलही तसेच ठरले. खासगी शाळांतील पूर्ण वेळ शिक्षकाला महाराष्ट्रात १९७७ च्या सेवाशर्ती कायद्याचे आणि १९८१ च्या नियमावलीचे छत्र होते, म्हणून त्याचे फारसे बिघडले नाही. तासिकेवरचा शिक्षक मात्र कामगारही नाही आणि पुरता शिक्षकही नाही. संघटना बांधावी तर शाळेत आपल्या विषयाचा तो एकटाच. दोन शाळांत मिळूनही एकटाच.

कायद्यातील एक विशेषण

अनेकांचा समज असा की हा सारा राज्य शासनाच्या कंजूषपणाचा किंवा संस्थाचालकांच्या मनमानीचा परिणाम आहे. दोन्ही गोष्टी आहेतच. पण मूळ अधिक वर आहे. ज्या कायद्याचे आपण सर्वांनी स्वागत केले, त्या २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या कायद्याची अनुसूची उघडून पाहावी. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असतील तर शाळेला पूर्ण वेळ मुख्याध्यापक असावा, आणि कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी 'अंशकालीन' निदेशक असावेत, असे तेथे लिहिले आहे. म्हणजे हक्काच्या कायद्यानेच कला हा अर्ध्या वेळेचा हक्क ठरवला. शंभरांहून कमी मुलांच्या शाळेला तोही नाही. कोकणातल्या वाडीवरची, मेळघाटातल्या पाड्यावरची शाळा शंभर मुले कोठून आणणार?

आता याच महाराष्ट्रातील दुसरे चित्र पाहा. केंद्रीय विद्यालयांत संगीतशिक्षकाचे पूर्ण वेळ पद आहे. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे त्याचे मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू झाले. डिसेंबर २०२२ मध्ये निघालेल्या देशव्यापी भरतीत अशी ३०३ पदे होती. जवाहर नवोदय विद्यालयांतही संगीतशिक्षक असतो आणि त्याच श्रेणीपद्धतीत त्याचे मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून आहे. याबद्दल त्या शिक्षकांचा हेवा करण्याचे कारण नाही. त्यांना मिळते ते रास्तच आहे. प्रश्न इतकाच की, एकाच जिल्ह्यात बदलीवर येणाऱ्या केंद्र सरकारी नोकरांच्या आणि निवड परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या मुलांना संगीताचा पूर्ण वेळ शिक्षक लागतो, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतील ऊसतोड कामगाराच्या मुलाला तो अंशकालीन पुरतो, हे कोणत्या शिक्षणशास्त्राने ठरवले? पन्नास रुपयांच्या दराने होणारे २,५०० आणि हे ३५,४००, यांतील चौदा पटींचे अंतर शिक्षकाच्या गुणवत्तेतून आलेले नाही. मुलांची जी प्रतवारी आपण मनात करून ठेवली आहे, तिचे ते प्रतिबिंब आहे.

एवढे करूनही जो पूर्ण वेळ पदावर कसाबसा पोचला, त्याची वाट पुढे कोठे जाते? माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक व्हायचे तर पदवी, शिक्षणशास्त्राची पदवी आणि पूर्ण वेळ अध्यापनाचा अनुभव हवा. ज्याने दहा-बारा वर्षे गुरूकडे बसून विशारद, अलंकार केले, त्याची ही परीक्षा कोठे पदवीसमान मानली जाते, कोठे मानली जात नाही. विषयसल्लागार व्हावे तर संगीताचा सल्ला कोणी मागत नाही. परिणामी पंचवीस वर्षे सेवा करूनही तो जेथे लागला तेथेच निवृत्त होतो. दरम्यान त्याच्याकडे निवडणुकीचे काम, सर्वेक्षणाचे काम आणि गैरहजर शिक्षकांचे 'ऑफ तास' मात्र प्राधान्याने येतात, कारण त्याचा विषय बुडाला तर कोणाचे काही बिघडत नाही असे सर्वांनी मानलेले असते.

विकत घेतलेले गुण

या व्यवस्थेतील सर्वांत मोठा अंतर्विरोध गुणांचा आहे. पहिली ते आठवीच्या मूल्यमापनात कला हा विषय आहे. त्याच्या वर्णनात्मक नोंदी शिक्षकाने करायच्या असतात. संगीताचा शिक्षकच नसेल तर वर्गशिक्षक त्या करतात, आणि बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका मिळतात. 'सुरात गातो', 'समूहगीतात सहभाग घेतो', 'वाद्यांची नावे सांगतो' अशा ओळी प्रगतिपुस्तकावर उतरतात. वाद्य मुलाने पाहिलेले नसते, पण नोंद झालेली असते.

दुसरीकडे, दहावीच्या परीक्षेत शास्त्रीय गायन, वादन, नृत्य, लोककला आणि चित्रकला यांतील प्रावीण्यासाठी वाढीव गुण देण्याची पद्धत गेल्या दशकात राज्यात आली. हेतू उत्तम. परंतु हे प्रावीण्य मुलाने मिळवायचे कोठे? शाळेत शिक्षक नाही. म्हणून शहरातल्या खासगी वर्गात. तेथे महिन्याची फी, परीक्षेची फी, वाद्याची किंमत, ने-आण करायला मोकळा असलेला पालक, हे सारे लागते. म्हणजे जो विषय सार्वजनिक शाळेतून काढून घेतला, तोच खासगी बाजारात विकत घेणाऱ्याला सार्वजनिक परीक्षेत गुण द्यायचे. त्या गुणांच्या जोरावर अकरावीच्या गुणवत्ता यादीत एक मूल वर सरकते आणि दुसरे खाली जाते. खाली गेलेल्या मुलाचा बाप कदाचित हलगी वाजवणारा असेल. त्या मुलाच्या अंगात ताल पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे, पण त्याच्यापाशी प्रमाणपत्र नाही.

२००८-०९ मध्ये दूरचित्रवाणीवरील लहान मुलांच्या गायनस्पर्धेने सारा महाराष्ट्र वेडावला होता. गावोगावी फलक लागले, मिरवणुका निघाल्या. त्या मुलांच्या गुणांबद्दल शंका नाही. त्या लाटेचा लाभ झाला तो गायनाच्या खासगी वर्गांना. त्या निमित्ताने एखाद्या जिल्हा परिषदेने आपल्या शाळांसाठी संगीतशिक्षकाचे पद मागितले, असे माझ्या ऐकिवात नाही. टाळ्या वाजवणारा समाज शिक्षकाचे पद मागत नाही, याचे कारण असे की आपण संगीताला देणगी मानतो, शिक्षण मानत नाही. गणित न येणारे मूल शिकवायचे असते. गाणे न येणाऱ्या मुलाला मात्र 'त्याच्यात ते नाही' असे म्हणून मागच्या रांगेत उभे करायचे आणि नुसते ओठ हलवायला सांगायचे.

परवडत नाही, ते कोणाला?

तिजोरीत पैसा नाही, हे उत्तर येणार हे मला माहीत आहे. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून त्याला उत्तर देणे माझे कर्तव्य आहे.

विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये प्रयोगकलांच्या अर्थकारणावर एक ग्रंथ लिहिला. त्यातील विचार साधा आहे. यंत्रांमुळे कारखान्यातील कामगाराची उत्पादकता वाढत जाते आणि वेतनेही वाढतात. पण चार वादकांना एक रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी जितका वेळ लागे, तितकाच आजही लागतो. तेथे श्रमाची बचत होत नाही. त्यामुळे अशी कामे इतरांच्या तुलनेत उत्तरोत्तर महाग भासत जातात, आणि केवळ बाजारावर सोडली तर ती आक्रसतात किंवा श्रीमंतांपुरती उरतात. शिक्षक, परिचारिका, वैद्य या सर्वांना हे लागू आहे, आणि संगीतशिक्षकाला दुहेरी लागू आहे. साठ मुलांना सूर लावायला शिकवण्याचे काम संगणकाच्या पडद्याने निम्म्या वेळात होत नाही. पडदा गाणे ऐकवू शकतो. मुलाचे गाणे ऐकून 'तू थोडा उतरतो आहेस' असे सांगायला समोर ऐकणारा माणूस लागतो.

यातून दोनच निष्कर्ष निघतात. एक तर समाजाने ठरवावे की हे काम श्रीमंतांच्या मुलांपुरते राहावे. नाही तर वाढलेल्या उत्पादनातील वाटा काढून ते सार्वजनिक खर्चाने करावे. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करा असे सांगितले, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तेच सहा टक्के पुन्हा कागदावर लिहिले. मधल्या चोपन्न वर्षांत आपण तेथे पोचलो नाही. तेव्हा 'परवडत नाही' याचा अर्थ 'आम्ही ठरवलेले नाही' एवढाच होतो.

युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या हंगेरीला तरी काय परवडत होते? तेथे झोल्तान कोदाय या संगीतकाराच्या प्रेरणेने १९५० मध्ये केचकेमेत या गावात रोज संगीताचा तास असलेली प्राथमिक शाळा सुरू झाली, आणि तिच्या धर्तीवर पुढे अनेक शाळा निघाल्या. महागडी वाद्ये नव्हती. आधार होता मुलांच्या गळ्याचा आणि देशातील लोकगीतांचा. आपल्याकडे तर बडोद्यात १८८६ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी संगीतशाळा उघडली होती. एका संस्थानिकाला जे सुचले, ते लोकनियुक्त शासनाला सुचू नये काय?

हिशेबच हवा असेल तर तो असा. पहिली ते सातवीच्या चार शाळा घ्या. प्रत्येकी एक तुकडी धरली तर अठ्ठावीस तुकड्या होतात. आठवड्याला प्रत्येक तुकडीला एक तास दिला, तर अठ्ठावीस तास होतात, म्हणजे एका शिक्षकाचे पूर्ण काम. तुकडीत तीस मुले धरा, ८४० मुले झाली. केंद्रीय विद्यालयाचे ३५,४०० रुपयांचे मूळ वेतन त्याला दिले तर मुलामागे महिन्याला सुमारे ४२ रुपये पडतात. भत्ते धरून ही रक्कम दुप्पट करा, तरी ८४ रुपये. खासगी वर्गाची महिन्याची फी काय असते, हे कोणत्याही पालकाला विचारावे. सार्वजनिक व्यवस्था महाग असते, हा प्रचार किती पोकळ आहे, याचे हे छोटेसे उदाहरण.

आपल्याच घरातील आक्षेप

एक आक्षेप आपल्या चळवळीतूनही येतो. शाळांना छपरे नाहीत, विनाअनुदानित शाळांतील शिक्षक वर्षानुवर्षे अनुदानाच्या टप्प्यांची वाट पाहत आझाद मैदानात बसतात, आणि तुम्ही पेटी-तबल्याचे काय घेऊन बसलात? हा आक्षेप मी आदराने ऐकतो, पण मान्य करीत नाही. कष्टकऱ्यांच्या मुलांना आधी भाकरी, आधी अक्षर, आधी गणित, आणि गाणे मागाहून, असे म्हणताना आपण नकळत मालकवर्गाचाच न्याय वापरतो. त्या न्यायाने 'मागाहून' कधीच येत नाही. शिवाय आपल्या चळवळीने स्वतःसाठी हा न्याय कधी लावला नव्हता. राष्ट्र सेवा दलाचे कलापथक असो वा अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक, भाषणाच्या आधी गाणे होते, आणि भाषण विसरलेल्या माणसाला गाणे आठवत होते. समूहगान शिकलेल्या मुलाला दुसऱ्याच्या आवाजात आपला आवाज मिसळायचा कसा, हे अंगाने कळते. लोकशाहीचा हा पाठ नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून इतक्या लवकर पोचत नाही.

आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून संगीत दरबारातून बाहेर आणले, अभ्यासक्रम बांधला, परीक्षा आणल्या. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण दरबारातून निघालेले संगीत मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात पोचले आणि तेथेच बराच काळ बसले. गोंधळी, वाघ्या, पोतराज, हलगीवादक, वारकरी मृदंगवादक यांचे संगीत शाळेच्या दारात आले ते स्नेहसंमेलनातील 'लोकनृत्य' म्हणून, भाड्याच्या पोशाखात. उद्या शाळेत संगीतशिक्षकाची पदे निर्माण झाली आणि तेथे केवळ प्रमाणपत्र पाहिले गेले, तर हीच चूक पुन्हा होईल. पदे मागताना या प्रश्नाचे उत्तर आपल्यापाशी असले पाहिजे.

मागण्या

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली, शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीतील 'अंशकालीन' हे विशेषण काढून टाकावे. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलाशिक्षणाला स्वतंत्र अभ्यासक्षेत्र मानले आहे. विषय पूर्ण आणि शिक्षक अर्धा, ही विसंगती संसदेनेच दूर करायची आहे. दुसरी, लहान शाळांसाठी केंद्रातील तीन-चार शाळा मिळून एक पूर्ण वेळ संगीतशिक्षक नेमावा, त्याला वेतनश्रेणी आणि प्रवासभत्ता द्यावा, आणि तालमींचा वेळ कामाच्या तासांत मोजावा. तिसरी, ते होईपर्यंत जे तासिकेवर काम करतात त्यांना नियमित श्रेणीचे किमान वेतन प्रमाणशीर द्यावे. समान कामासाठी हंगामी कर्मचाऱ्यांनाही नियमित श्रेणीचे किमान वेतन मिळाले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये पंजाबच्या प्रकरणात सांगितलेलेच आहे. चौथी, विशारद झालेल्या शिक्षकांना सेवेत राहून शिक्षणशास्त्राची पदवी घेण्याची सोय आणि त्यांच्या पदोन्नतीची शिडी असावी. पाचवी, लोककलावंतांची निवड प्रत्यक्ष ऐकून करावी आणि त्यांना संगीतशिक्षकाच्या बरोबरीने वर्गात उभे करावे. सहावी, शाळेत संगीत शिकण्याची सोय होईपर्यंत वाढीव गुणांच्या पद्धतीचा फेरविचार करावा, निदान गरीब मुलांच्या परीक्षेची फी आणि शिकवणीचा खर्च शासनाने उचलावा. यांपैकी एकही मागणी क्रांतिकारक नाही. त्या तशा वाटत असतील तर आपण किती मागे सरकलो आहोत, याचे ते लक्षण आहे.

१९ फेब्रुवारी २०२३ पासून महाराष्ट्राला अधिकृत राज्यगीत मिळाले. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांचे संगीत आणि शाहीर साबळे यांचा आवाज लाभलेले ते गीत शाळांतून गायले जावे, असेही शासनाने सांगितले. जरूर गायले जावे. पण ते मुलांना शिकवणार कोण, हे त्या आदेशात यायला हवे होते. ध्वनिक्षेपकावर मुद्रित गीत लावून मुलांना ताठ उभे करणे म्हणजे गाणे नव्हे.

आता त्या मुलीला मी काय सांगितले ते. मी तिला पतसंस्थेत जा, असे सांगितले. तिच्या वडिलांच्या औषधाचा खर्च, धाकट्या भावाचे शिक्षण आणि तिचे सत्तावीस वर्षांचे वय समोर ठेवल्यावर दुसरे उत्तर माझ्यापाशी नव्हते. तिने मान हलवली, नमस्कार केला. जाताना म्हणाली, "सातवीतला एक मुलगा आहे सर, त्याचा आवाज आत्ताच फुटायला लागलाय. त्याला यंदा वरच्या सुरात गायला लावू नका, असं कुणाला तरी सांगायला हवं." कोणाला सांगावे, हे तिलाही ठाऊक नव्हते आणि मलाही. त्या शाळेत आता ते ऐकून घेणारे कोणी नाही.

तिला दिलेला सल्ला हिशेबाने बरोबर होता. मी आयुष्यभर शिकवलेल्या विषयाने मला तो द्यायला लावला याची मला लाज वाटते, आणि ही लाज एकट्या माझी असू नये म्हणून हे जाहीरपणे लिहीत आहे. आपल्या तालुक्यातील शाळेत संगीताचा शिक्षक आहे का, असेल तर त्याला महिन्याला काय मिळते, हे या अंकाच्या प्रत्येक वाचकाने येत्या आठवड्यात विचारून पाहावे. विचारणारे पुरेसे झाले की मागणीही उभी राहील.